बुधवारच्या बैठकीतला कागद

माझ्या राउंडला वॉर्ड गप्प व्हायचा, याचा मला नोकरीभर अभिमान होता. नातेवाईक बाहेर, जेवणाचे डबे खाटांखाली, सिस्टरपुढे फाइलींची गाडी आणि माझ्या मागे पांढऱ्या कोटातली आठ-दहा पोरं-पोरी. पंखा कुरकुरायचा, तेवढाच आवाज. एखाद्या नव्या डॉक्टरने मध्येच तोंड उघडलं की मी त्याच्याकडे न बघता एकच शब्द टाकायचो, "नंतर." पुढच्या खाटेकडे वळलो की तो विषय संपला. हे 'नंतर' कधी यायचंच नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला सोडून.

संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, "डॉक्टर, वैद्यकीय कॉलेजातल्या गमतीजमती लिहा, वाचकांना आवडतात." गमतीजमती आहेत, त्यातल्या एक-दोन सांगतोही. पण निवृत्त होऊन धुळ्याच्या देवपुरातल्या घरात बसल्यापासून रोज आठवतं ते वेगळंच आहे आणि ते काही हसण्यासारखं नाही. धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत मिळून मी तीन ठिकाणी शिकवलं. हे त्यातल्या कुठलं, ते लिहीत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. दोष जागेचा नव्हता, माझा होता. त्यामुळे पत्ता नसला तरी चालेल.

आधी आमचा धंदा कसा चालतो ते सांगतो. एमबीबीएस होऊन पुढचं शिकायला आलेल्या मुलाला निवासी डॉक्टर म्हणतात. तो तीन वर्षं हॉस्पिटलातच राहतो, तिथेच जेवतो आणि जमलं तर तिथेच झोपतो. वॉर्ड खरा तोच चालवतो. रक्त तो काढतो, सलाईन तो लावतो, नातेवाइकांचे बोल तो खातो. माझ्यासारखा प्राध्यापक सकाळी येतो, तासाभरात चाळीस खाटा बघतो, हुकूम सोडतो आणि चहाला जातो. त्या मुलाची परीक्षा माझ्या हातात, त्याच्या वहीवर सही माझी. मी खूश असलो तर त्याला सुट्टी मिळते. आता असा मुलगा माझ्या तोंडावर 'सर, तुमचं चुकतंय' कधी म्हणेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

तर वरून एक पत्र आलं. निवासी डॉक्टरांचा नुसता अभ्यास पुरेसा नाही, त्यांनी आपल्या कामाकडे वळून बघायला शिकलं पाहिजे, म्हणून प्रत्येक विभागाने आठवड्यातून एकदा चिंतन बैठक घ्यावी. मुलांनी गोल बसायचं, एकाने आपल्या हातून झालेली किंवा मनाला लागलेली एखादी गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी ऐकायचं. शेवटी सांगणाऱ्याने ती एका कागदावर लिहायची आणि कागद सूत्रधाराकडे द्यायचा. सूत्रधार म्हणून मला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. तिथे आम्हा पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकांना गोल बसवून लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकायला लावला. ज्याच्या हातात गुंडा येईल त्याने मन मोकळं करायचं. माझ्या हातात आला तेव्हा मी म्हणालो, "मला वक्तशीरपणाचा अतिरेक आहे." टाळ्या मिळाल्या. प्रमाणपत्रही मिळालं.

आमची बैठक बुधवारी दुपारी तीनला, ग्रंथालयाशेजारच्या खोलीत भरायची. फोन सगळे दाराजवळच्या ट्रेमध्ये ठेवायचे. फळ्यावर मी माझ्या हाताने मोठ्या अक्षरात नियम लिहिला होता, 'इथलं इथेच.' खोलीतलं बोलणं बाहेर जाणार नाही, कागद कुणी तिसरा वाचणार नाही, त्याचा परीक्षेशी आणि वरिष्ठांच्या मताशी काही संबंध नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांकडून त्यावर सही घेतली, स्वतःही केली.

पहिले दोन महिने सगळे मूग गिळून बसले. चहा प्यायचे, बिस्किटं संपवायचे आणि 'कामाचा ताण असतो, पण शिकायला मिळतं' एवढं बोलून मोकळे व्हायचे. कागद मात्र भरभरून यायचे. एकाने इतकं हृदयस्पर्शी लिहिलं की मी त्यावर 'अतिशय संवेदनशील' असा शेरा मारला. पुढच्या आठवड्यात तसाच्या तसा मजकूर दुसऱ्याने दिला. तिसऱ्या आठवड्यात रोहित नावाच्या दाढीवाल्या, सहा फुटी पोराच्या कागदावर वाचलं, 'मी स्वतः आई झाल्यापासून मला त्या आजीचं दुःख अधिक कळू लागलं.' मी त्याला बोलावून कागद पुढे धरला. तो लालबुंद झाला. मूळ कागद दोन वर्षं आधीच्या एका ताईंचा होता. अशा बैठका आमच्या आधी सुरू झालेल्या दुसऱ्या विभागात लिहिलेला आणि हॉस्टेलमध्ये वारशाने चालत आलेला.

मी हसलो आणि त्याला म्हटलं, "हे फाड. तुला खरंच काय लागलं ते सांग." त्या बुधवारी रोहितने सांगितलं. एक म्हातारा वारला होता आणि त्याच्या मुलाला ते सांगायची वेळ रोहितवर आली होती. तो चादरी ठेवायच्या खोलीत जाऊन वीस मिनिटं उभा राहिला. शेवटी ते काम सिस्टरने केलं. "मला शब्दच सापडेनात, सर," तो म्हणाला आणि सगळ्यांसमोर रडला. कुणी हसलं नाही. कुणीतरी चहाचा कप त्याच्याकडे सरकवला.

त्या दिवसापासून बैठक खरी झाली. पोरं बोलू लागली. बुधवार यायची वाट बघू लागली. मीही बघायचो, खोटं कशाला बोलू? लोक आपल्यापुढे मन मोकळं करतात, यात एक नशा असते. घरी येऊन बायकोला सांगायचो, "पोरांना माझ्याजवळ बोलावंसं वाटतं." सकाळी राउंडवर ज्यांची तोंडं मी बंद करायचो, ती दुपारी तीनला उघडावीत अशी माझी अपेक्षा होती. यात काही विसंगत आहे, असं मला एकदाही वाटलं नाही.

त्या तुकडीत वैशाली होती. जामनेरची, दुसऱ्या वर्षाला. बोलायला कमी, कामाला पक्की. पेशंटची बारीकसारीक माहिती तिला तोंडपाठ असायची. अमक्याला दूध चालत नाही, तमकीचा मुलगा सुरतेहून परवा यायचाय. परीक्षेत हे कुणी विचारत नाही, पण वॉर्ड अशाच लोकांच्या जिवावर चालतो.

पारोळ्याकडच्या एका गावातल्या अक्का आमच्याकडे दाखल झाल्या होत्या. वय सत्तरीच्या आसपास, पायाला जखम, साखर वाढलेली. बाई मोठी बोलकी. खाटेवर बसून शेजारच्या सगळ्यांची चौकशी करायच्या. मलाही एकदा म्हणाल्या होत्या, "डॉक्टर, तू हसत काबरं नही? दात दुखतस का?" मागे पोरं खाली मान घालून हसली होती. मी नव्हतो हसलो.

त्या सकाळी राउंडवर त्यांचा कागद बघितला. साखर चारशेच्या वर. मी चिडलो. "इन्सुलिन वाढवा. आत्ताच्या आत्ता द्या." वैशाली माझ्या उजव्या हाताला उभी होती. ती म्हणाली, "सर, त्या आज उपाशी..."

"नंतर," मी म्हणालो आणि पुढच्या खाटेकडे गेलो.

अक्कांची पोटाची सोनोग्राफी होती, म्हणून त्यांना आदल्या संध्याकाळपासून काही खाऊ दिलेलं नव्हतं. उपाशी माणसाला जास्तीचं इन्सुलिन दिलं तर साखर खाली जाते, फार खाली गेली तर मेंदू उपाशी मरू लागतो. हे दुसऱ्या वर्षाच्या पोराला कळतं आणि मला तर कळतंच. वैशालीला तेवढंच सांगायचं होतं. चार शब्द. राउंड संपताच मी तिला दोन नवे गंभीर पेशंट घ्यायला खाली पिटाळलं. सिस्टरने हुकुमाप्रमाणे इंजेक्शन दिलं. मुलगा आनंदाभाऊ अक्कांना चाकाच्या खुर्चीवर बसवून सोनोग्राफीच्या रांगेत घेऊन गेला. रांग लांब होती. अक्कांना घाम फुटला, मग डुलकी लागली असं त्याला वाटलं. त्याने टॉवेलने त्यांचं तोंड पुसलं आणि झोपू दिलं. दुपारी एकला नंबर लागला तेव्हा अक्का उठेनात.

साखर मोजायच्या यंत्रावर आकडाच येत नव्हता, इतकी ती उतरली होती. वैशाली धावत आली, तिनेच शिरेतून ग्लुकोज दिलं. एरवी अशा पेशंटचा चमत्कार बघायला मिळतो. ग्लुकोज आत जात असतानाच तो डोळे उघडतो आणि 'मी कुठे आहे' विचारतो. अक्कांनी उघडले नाहीत. आनंदाभाऊ माझ्यासमोर उभे होते. "सकायले मन्हासंगे बोलनी, सर. नातूसनी नावं लिधी. आते डोया उघडत नही. काय व्हयनं तिले?"

मी म्हटलं, "बघतो." 

पाचव्या दिवशी अक्कांनी डोळे उघडले. पण त्या कुणाकडे बघत नव्हत्या. मुलाला ओळखलं नाही. घास तोंडात ठेवला तर गिळायच्या, नाहीतर तशाच पडून राहायच्या. ती बोलकी बाई गेली ती परत आली नाही.

त्या बुधवारी वैशाली स्वतःहून बोलायला लागली. सगळं क्रमाने सांगितलं. हुकूम कुणाचा होता हे मात्र तिने सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, "राउंडवर मला सांगता आलं नाही. म्हणजे... सुरुवात केली, पण पूर्ण केलं नाही. नंतर मी स्वतः इन्सुलिन थांबवू शकले असते. मी सिस्टरला सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही." खोलीत सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. प्रत्येकजण त्या राउंडला हजर होता. प्रत्येकाने माझं 'नंतर' ऐकलं होतं.

तो क्षण माझा होता. 'वैशाली, तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही,' एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं. फळ्यावरच्या नियमावर माझीही सही होती, मी त्याच गोलातल्या एका खुर्चीवर बसलो होतो. पण मी प्रशिक्षणात शिकलेला मऊ आवाज काढला आणि विचारलं, "मग यातून तू काय शिकलीस?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "की मी बोलायला हवं होतं."

"छान," मी म्हणालो. "लिहून काढ."

तिने एक पान लिहून दिलं. मी वाचलं. त्यात माझा उल्लेख नव्हता, तक्रार नव्हती. होती ती 'मी सांगितले नाही', 'मी थांबवले नाही', 'ही माझी चूक आहे' अशी वाक्यं. मी खाली शेरा लिहिला, 'प्रामाणिक. उत्तम.' आणि पान कपाटात ठेवलं. खरं सांगायचं तर ते वाचताना मला हायसं वाटलं होतं. ती लाज आज जास्त वाटते.

आनंदाभाऊंनी लेखी तक्रार केली. त्यांचा काय दोष? चालतीबोलती माय त्यांनी आमच्याकडे आणली होती. तीन जणांची चौकशी समिती बसली. त्याआधी दोन दिवस आमच्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टर माझ्या खोलीत आल्या. दार लोटून म्हणाल्या, "सर, वैशाली मॅडम 'उपाशी' म्हणाल्या होत्या. मी ऐकलं. समितीने बोलावलं तर मी सांगेन."

मी म्हणालो, "सिस्टर, तुम्ही तुमचं काम बघा."

समितीपुढे कुणाकुणाला बोलवायचं ती यादी विभागप्रमुख म्हणून मीच दिली होती. त्यात त्यांचं नाव नव्हतं.

समितीने विचारलं, "उपाशी पेशंटला एवढं इन्सुलिन कसं दिलं गेलं?" मी सांगितलं, "पेशंट उपाशी आहे की नाही हे राउंडवर सांगणं निवासी डॉक्टरचं काम असतं. मला ते सांगितलं गेलं नाही." मग मी बॅगेतून वैशालीचं पान काढलं आणि टेबलावर ठेवलं. "तिने स्वतःच लिहून दिलंय." पान हातोहात तिघांकडे फिरलं. माझा शेराही त्यांनी वाचला. एक सदस्य म्हणाले, "मुलगी प्रामाणिक दिसते."

मी तेव्हा स्वतःला काय सांगितलं असेल? विभागाचं नाव जाईल. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत. तिला फार शिक्षा होणार नाही, तरुण आहे, निभावून नेईल. माणूस स्वतःसाठी किती झटपट वकील उभा करतो, ते मी त्या दिवशी बघितलं.

वैशालीला आत बोलावलं. पान तिच्यापुढे सरकवून विचारलं, "हे तुम्हीच लिहिलंय?" तिने पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. पण तिला काहीतरी समजत नव्हतं आणि बघता बघता समजलं, असं मला दिसलं.

"हो," ती म्हणाली. "अक्षर माझंच आहे."

मी 'नंतर' म्हटलं होतं, हे तिने तिथेही सांगितलं नाही. तिचं शिक्षण सहा महिने लांबलं, फाइलीत ताकीद लागली आणि आनंदाभाऊंना कळवण्यात आलं की संबंधित निवासी डॉक्टरचा हलगर्जीपणा आढळला असून कारवाई केली आहे.

पुढच्या बुधवारी सगळे वेळेवर आले. वैशालीही आली. फोन ट्रेमध्ये ठेवले, गोल बसले. मी विचारलं, "आज कोण बोलणार?" रोहित बोलला. म्हणाला, "कामाचा ताण असतो, सर, पण शिकायला मिळतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. कागद आले, सुंदर अक्षरात, थरथरते हात आणि पाणावलेले डोळे यांनी भरलेले. मी शेरे मारत गेलो. बाहेरून पाहणीला आलेल्या लोकांनी त्या फाइली चाळून आमचं फार कौतुक केलं. जळगावच्या एका परिषदेत मी या बैठकांवर भाषणही दिलं. मुलांना सुरक्षित वाटेल असं वातावरण कसं निर्माण करावं, हा विषय. भाषण चांगलं झालं होतं.

निवृत्त झालो. मागच्या हिवाळ्यात जुन्या विभागाने नव्या निवासी डॉक्टरांपुढे बोलायला बोलावलं. विषय डॉक्टरी पेशातली नीतिमत्ता. मी बोललो, टाळ्या झाल्या. प्रश्नांच्या वेळी मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. फार धीटपणे नाही, चाचरतच म्हणाली, "सर, बैठकीत खरं बोलू नका असं आमचे सीनियर सांगतात. पूर्वी एका मॅडमचा कागद चौकशीत दाखवला होता म्हणे. हे खरं आहे का?"

तिला माहीत नव्हतं. कागद दाखवणारा तो समोर उभा असलेला म्हाताराच, हे त्या खोलीत बहुधा कुणालाच माहीत नव्हतं.

मी म्हणालो, "अशा अफवा उठतात. लक्ष देऊ नका."

ती "थँक यू सर" म्हणून बसली. मी पांझरा नदीवरचा पूल ओलांडून घरी आलो आणि दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. पहिली चूक वॉर्डातल्या घाईची होती असं म्हणता आलं असतं. दुसरी नोकरीच्या भीतीची. पण आता नोकरीही नव्हती, भीतीही नव्हती, तरी तोंडातून खोटंच आलं. म्हणजे ते आता माझं झालं होतं.

तिसऱ्या दिवशी जामनेरला गेलो. वैशालीचा तिथे स्वतःचा दवाखाना आहे. बाहेर बाकावर पेशंट बसले होते, मीही त्यांच्यात बसलो. नंबर आला तेव्हा आत गेलो. ती उठून उभी राहिली, "सर, तुम्ही? फोन तरी करायचा." तिने पाणी मागवलं. मी ग्लास हातात धरून सगळं सांगितलं. तू सांगत होतीस, मी ऐकलं होतं. सिस्टरचं नाव मीच यादीतून वगळलं. तुझं पान मीच बाहेर काढलं. माफ कर म्हणायचा मला हक्क नाही, तरी म्हणतो.

 माझं झाल्यावर ती म्हणाली, "सर, हे मला सांगून काय उपयोग? मला तर माहीतच आहे. आनंदाभाऊंना माहीत नाही."

मग दारातून पुढच्या पेशंटला हाक मारली.

मी आधी कॉलेजला पत्र लिहिलं. झालेली हकीकत, माझी सही आणि तिच्या फाइलीतली ताकीद काढावी अशी विनंती. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही, आठवण द्यायला मी दर आठवड्याला जातो. आणि एका रविवारी सकाळी पारोळ्याच्या पुढे अक्कांच्या गावी गेलो.

आनंदाभाऊ ओट्यावर बसून म्हशीचं दावं वळत होते. केस पांढरे झालेले. त्यांनी मला लगेच ओळखलं. "या, सर. बठा. एवढ्या दूर कसाले उनात?" त्यांच्या बायकोने, सुमनवहिनींनी, आतून चहा आणून ठेवला आणि त्या दारात टेकून उभ्या राहिल्या.

मी बोलायला लागलो. जामनेरला बोललो होतो त्याहून कठीण गेलं. राउंड म्हणजे काय, तिथे कसं कुणी बोलत नाही, 'नंतर' म्हणजे काय, सगळं समजावून सांगितलं. माझी नोकरी, माझा मान, समिती, ते पान, सगळं. मला किती वर्षं झोप नाही, हेही सांगितलं.  भाऊ दावं हातात तसंच धरून ऐकत होते.

"म्हंजे," ते शेवटी म्हणाले, "त्या पोरनी तुमले सांगं व्हतं?"

"हो."

"आनि तुम्ही आयकं नही."

"नाही ऐकलं."

त्यांनी दावं खाली ठेवलं. मला वाटलं, आता हा माणूस उठून मला मारेल, आणि मारलं तर बरंच होईल. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. "तीन खेप उनी व्हती ती पोर अठे," ते म्हणाले. वैशाली इथे येऊन गेली, हे मला माहीत नव्हतं. "तिन्ही खेप मी तिले दारवरथीन परत धाडं. शेवटली खेपले तं भलतंच बोलनू. 'मन्ही मायले खाई गयी तू,' असं बोलनू मी. ती हुभी राहिनी, आनि चालनी गयी." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "तिले फोन लावना पडी. नंबर कोठे भेटी आते?"

दारातून सुमनवहिनी हळूच म्हणाल्या, "मन्हाजोडे शे नंबर."

भाऊंनी मान वळवली.

"मी करस तिले फोन," वहिनी म्हणाल्या. "पयलेपासून करस. तुम्ही चिडशात म्हनीसन सांगं नही. मायना पाठले जखमा व्हयन्या व्हत्या, त्या तिनीच बऱ्या कऱ्यात, फोनवर सांगी सांगी. कसं पल्टावानं, कसं भरवानं, बठ्ठं तिनीच शिकाडं माले."

त्यांनी कमरेचा मोबाइल काढून नंबर लावला आणि नवऱ्याच्या हातात दिला. फोन स्पीकरवर होता. दोन रिंगमध्ये वैशालीचा आवाज आला, "हां वहिनी, बोला."

"ताई, मी आनंदा बोलस." त्यांना पुढे सुचेना. "तुम्हना सर बठेल शेत मन्हासमोर. बठ्ठं सांगं त्यास्नी. ताई, चूक व्हयनी मन्ही. मी तुमले..."

 मी फोनकडे बघत होतो. ती आता काय म्हणेल? मला वाटलं, रडेल. मला वाटलं, माझं नाव घेईल, काहीतरी म्हणेल माझ्याबद्दल, चांगलं नाहीतर वाईट.

"असू द्या, भाऊ," वैशाली म्हणाली. मग लगेच, "अक्कांचा ताप उतरला का? काल वहिनी म्हणाल्या होत्या, अंग तापलंय."

"उतरना, ताई," वहिनी दारातूनच मोठ्याने म्हणाल्या. "सकायपासून नही. आते पेज खाई राहिनी. मन्ही पोर भरवी राहिनी तिले."

मी त्या ओट्यावर तासभर बसून होतो. तासभर मी माझी लाज, माझी झोप आणि माझी नोकरी यांच्याबद्दल बोलत होतो. आतल्या खोलीत कालच्या तापातून सावरणारी माझी पेशंट होती, आणि अक्का कशा आहेत, हे एका शब्दाने विचारायचं मला सुचलं नव्हतं.

मी उठलो. चपला काढल्या आणि भाऊंना म्हटलं, "मी आत जाऊन बघू का अक्कांना?"

भाऊंनी माझ्याकडे नीट बघितलं. आवाजात राग नव्हता.

"आते खाई राहिनी ती, सर," ते म्हणाले. "खाऊ द्या तिले."

मी बाहेरच उभा राहिलो.